आग विझवण्याचा फोटो

सन्मतीची नोकरी कायम झाली नाही. पण हे झालंच नाही असं समजा. सन्मतीही तसंच समजतो आणि रोज नऊला प्रशिक्षण अधिकाऱ्याच्या खुर्चीत येऊन बसतो.

सांगलीजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधली ही खुर्ची. मालक सुकुमारअण्णांनी त्याला बजावून ठेवलं होतं, की वर्षभरात एक तरी प्रशिक्षण उपयोगी पडलेलं दाखव, कायम करतो. नाहीतर बेदाणा निवडायला बस.

सन्मतीनं एकोणतीस कामगार आग विझवायला शिकायला दोन दिवस पाचगणीला नेले. तिथं धुकं असं, की शेजारचा माणूस खोकल्यावरून ओळखावा लागे. मैदानावरचं प्रात्यक्षिक रद्द झालं. मग प्रशिक्षकानं हॉलमध्येच घंटा वाजवली आणि सगळ्यांना फोटोला उभं केलं. उंच मागं, बुटके पुढं, बायका खुर्च्यांवर आणि मधोमध आग विझवायचा लाल सिलिंडर. सिलिंडर भाड्याचा होता. त्याला हात लावायचा नाही, हे त्यानं चारदा सांगितलं. शेवटी फॉर्म वाटले. प्रशिक्षण कसं वाटलं? एकोणतीसही जणांनी ‘उत्कृष्ट’वर खूण केली, कारण फॉर्म दिल्याशिवाय स्ट्रॉबेरी क्रीम मिळत नव्हतं.

फॉर्मांचा गठ्ठा चाळून अण्णा म्हणाले, “हे क्रीमचे मार्क झाले. आगीचे कुठं हायत?”

मग खरी परीक्षा घेणं आलं. शनिवारी सन्मतीनं शेडमागं पत्र्याच्या डब्यात जुनं पोतं पेटवलं, अण्णांना खुर्ची दिली आणि घंटा वाजवली.

एकोणतीस जण पळत आले. सन्मतीचा ऊर भरून आला. मुकादम भाऊसोनं भिंतीवरचा सिलिंडर काढला. अण्णा खुर्चीत पुढं सरकले. भाऊसोनं सिलिंडर मधोमध ठेवला, चार पावलं मागं जाऊन तो सरळ आहे का बघितलं आणि म्हणाला, “उंच माणसं मागं व्हा. रंगुबाई, तुमी खुर्चीत.”

रंगुबाईंना खुर्ची हवी म्हणून अण्णांना उठवण्यात आलं.

तेवढ्यात वारा सुटला, ठिणगी उडाली आणि रिकाम्या खोक्यांची थप्पी पेटली.

“भाऊसो, सिलिंडर!” सन्मती किंचाळला.

“कुणाला हात लावू दिला न्हाई,” भाऊसो अभिमानानं म्हणाला. “तुमी आधी फोटो काढा सायेब. धूर डोळ्यात जातुया.”

पाचगणीच्या वेळी शेळी व्यायली म्हणून माण तालुक्यातली धोंडुबाई तेवढी मागं राहिली होती. तिनं बेदाणा धुवायच्या हौदातून चार बादल्या आणून थप्पीवर ओतल्या आणि ती परत निवडायला बसली. अण्णांनी तिला विचारलं, हे कुठं शिकलीस.

“मला कुणी शिकवलंच न्हाई, मालक. म्हणून तर जमलं.”

अण्णांनी तिथंच निकाल दिला. “सन्मती, प्रशिक्षण लय पक्कं झालंय गड्या. जेवढं शिकवलंस तेवढंच केलं सगळ्यांनी. आता तूही शिक.” आणि त्यांनी धोंडुबाईशेजारची मोकळी जागा दाखवली.

सोमवारी सन्मतीनं खुर्चीत बसूनच अहवाल लिहिला. त्याचा शेवट असा:

“सबब विनंती की, सदर आग प्रशिक्षणाच्या आधीच लागली होती असे समजण्यात यावे. त्यानंतर एकही आग लागलेली नाही, हे प्रशिक्षणाचे यश मानून अर्जदारास मागील तारखेपासून कायम करण्यात यावे. सोबत ग्रुप फोटो जोडला आहे. त्यातील धुराकडे, पाचगणीचे धुके समजून, दुर्लक्ष व्हावे.”