चुकीचं अमाइड

प्रयोगशाळेत कुजक्या मासळीचा वास सुटला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा एकदम पहिलवानाकडे वळल्या. पहिलवान म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा संशोधक विद्यार्थी. हे नाव त्याला खाण्यावरच्या प्रेमातून मिळालेलं.

“सर, नुसते बटाटे आहेत हो डब्यात!”

“मग बटाटे पोहायला गेले होते काय?” असं म्हणत सरांनी त्याला डब्यासकट व्हरांड्यात पिटाळलं. त्या दिवशी काचेची भांडी धुण्याची पाळी त्याची होती. “घासा आता तुमची तुम्हीच,” असं पुटपुटत तो रुसून बसला.

शेजारच्या टेबलावरच्या चिमणीला, म्हणजे दुसऱ्या संशोधक विद्यार्थिनीला, यातलं काही ऐकूच गेलं नाही. दिवसभर आपल्या काचेच्या चंबूंशी बोलत राहायची, म्हणून सरांनी तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. ट्रायझोलचं आम्ल आणि एक अवघड अमाइन ही दोन रसायनं जोडून तिला अमाइड नावाचं तिसरं बनवायचं होतं. ते अमाइन सरांनी अख्खी सुट्टी खपून स्वतः बनवलेलं, आणि होतं नव्हतं तेवढं सगळं त्या चंबूत पडलेलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे शास्त्रज्ञ नमुना न्यायला येणार होते. नमुना मिळाला नाही, तर तिचा संशोधनाचा विषयच गुंडाळला जाणार होता.

तिनं चंबूतलं मिश्रण आम्ल घातलेल्या पाण्यात ओतलं आणि पांढरेशुभ्र स्फटिक खाली बसले. सर लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. स्फटिक गाळून, वाळवून तपासणीला गेले. तपासणीचा कागद हातात आला आणि सरांचा चेहरा पडला.

“चिमणे, हे अमाइड आहे गं, पण आपलं नाही. भलतंच अमाइन येऊन चिकटलंय.”

त्यांनी चिमणीनं वापरलेली डीएमएफ या द्रावकाची जुनी बाटली उघडून हुंगली आणि नाक दाबलं. मासळी तिथे होती! द्रावक शिळं होऊन त्यातून डायमिथिलअमाइन हे मासळीच्या वासाचं अमाइन सुटलं होतं, आणि सरांच्या अमाइनच्या आधी तेच ट्रायझोलला जाऊन बिलगलं होतं.

“संपलं सगळं, सर,” चिमणीचे डोळे भरून आले.

“थांब, थांब! आपलं अमाइन जोडलंच गेलं नाही, मग गेलं कुठे? त्या आम्लाच्या पाण्यातच विरघळून राहिलं असणार! गाळलेलं पाणी कुठाय?”

दोघं मोरीकडे धावले. न धुतलेल्या भांड्यांच्या ढिगात ते पाणी जसंच्या तसं होतं. सर तडक व्हरांड्यात गेले.

“पहिलवान, चुकलं बाबा माझं. पण तू रुसलास म्हणून वाचलो रे!”

“म्हणजे आता घासू भांडी?”

“हात लावशील तर खबरदार!”

पाण्यातून अमाइन परत काढलं, शेजारच्या विभागातून डीएमएफची नवी बाटली आणली, आणि पाहुणे यायच्या आत खरं अमाइड तयार झालं. स्फटिक कसले, मळकट पिवळा डिंक! काचेच्या कांडीला चिकटला, तो सुटता सुटेना.

“हे?” पाहुण्यांनी भुवया उंचावल्या.

“हेच!” सर म्हणाले.

पुढे चिमणीची मॅडम झाली. सुरेख पांढरे स्फटिक तिनं आयुष्यभर पुष्कळ बघितले. पण सरांनी ती बरबटलेली कांडी खिडकीच्या उजेडात धरून “काय देखणं आहे गं!” म्हटलं होतं, ते आठवलं की तिला अजून हसू फुटतं.