मामांचा रिलीव्हर

आमच्या कंपनीच्या बसमध्ये तुम्ही कुणालाही शिव्या द्या. सुपरवायझरला द्या, कॅन्टीनच्या डाळीला द्या, तळवड्याच्या ट्रॅफिकला तर द्याच. फक्त एका राक्षसाबद्दल वाकडं बोलायचं नाही. बोललात की मागच्या सीटवरून मुस्तफाभाई उठणार, चालत्या बसमध्ये दांडा धरत तुमच्यापर्यंत येणार आणि शांतपणे म्हणणार, "शब्द मागं घे."

हा राक्षस फोनवरच्या एका गेममधला. गेमचं नाव इंग्रजीत लांबलचक आहे, आम्ही नुसतं 'कारखाना' म्हणतो. एक बंद पडलेली कंपनी, मिट्ट काळोख, गंजलेल्या मशिनी आणि आत अडकलेले आपण. गेटच्या चाव्या शोधायच्या, बाहेर पडायचं, आणि तोवर राक्षसाच्या हाती लागायचं नाही, एवढाच खेळ. राक्षस छताला टेकेल एवढा उंच. डोक्यावर पिचलेलं पिवळं हेल्मेट, एक हात जमिनीला घासत येणारा, आणि श्वास असा की वाटावं एअरची लाइन लीक झालीय. अख्खं जग त्याला बघून पळतं. मुस्तफाभाई त्याला मामा म्हणतात. आमच्याकडं जन्म मशीनवर घालवलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या कामगाराला मामा म्हणतात, त्या अर्थानं.

मुस्तफाभाई प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं, माझ्या शेजारच्या मशीनवर असतात. मूळचे लातूरकडचे, पण वाढले आकुर्डीत. पंचेचाळिशीचा माणूस, मिशा भरघोस, आवाज भारदस्त. सकाळी बसमध्ये बसले की लोक डुलक्या काढतात, हे फोन काढतात. आणि आकुर्डीपासून चाकणपर्यंत मामांची वकिली.

"पण तो मारतो ना, भाई," मी एकदा म्हटलं.

"तू पळतोस म्हणून मारतो."

"मग काय बसून राहू? एवढं धूड अंगावर येतंय."

"अरे, पण येतंय कशाला, ते बघ ना. विचार कर जरा." विचार कर जरा, हे त्यांचं पालुपद. "मामा रोज राउंड मारतात का नाही? मारतात. जाता जाता प्रेशरचा काटा ठोकून बघतात का नाही? बघतात. भोंगा झाला की गेटपर्यंत जातात, बाहेर बघतात, आणि मान खाली घालून परत मशीनवर येतात. राक्षस आहे का हा? ड्युटीवरचा माणूस आहे, राव. त्याला रिलीव्हर आलेला नाही."

आता कारखान्यात ज्यांचं आयुष्य गेलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं भोंगा झाला म्हणून माणूस सुटत नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, मशीनसमोर येऊन उभा राहिला पाहिजे. आपण त्याला सांगायचं, जॉब काय चाललाय, तेल कधी घातलं, मशीन कुठं कुरकुरतंय. त्याला म्हणतात हँडओव्हर. तो झाला की आपण मोकळे. रिलीव्हर आला नाही तर थांबा. बस निघून गेली तरी थांबा.

तर मुस्तफाभाईंचा सिद्धांत असा, की ती कंपनी ज्या दिवशी बंद पडली त्या दिवशी मामांचा रिलीव्हर आलाच नाही. मामा अजून थांबलेत. आणि आपण खेळायला आत शिरलो की त्यांना वाटतं, आला. "तो आलाय म्हणून माणूस आनंदानं पुढं येतो," मुस्तफाभाई म्हणतात, "आणि हा गडी बोंब ठोकून पळतो. मग काय करावं त्यानं?"

सगळी बस हसली. मला मात्र हसता येईना, कारण माझंच एक प्रकरण मला आठवलं. एकदा माझा रिलीव्हर मशीनकडं यायचं सोडून परस्पर कॅन्टीनला वडापाव खायला निघाला. माझी बस सुटायला आली होती. मी हातातल्या पान्यासकट त्याच्यामागं धावलो. तो का पळाला देव जाणे, पण पळाला. गेटवरचा वॉचमन नवीन होता. त्याला वाटलं मी खून पाडायला निघालोय, त्यानं गेट लावून घेतलं आणि शिट्ट्या फुंकल्या. पुढं आठवडाभर मला बघून पोरं वाट सोडत होती.

"त्या दिवशी तू मामा होतास," मी हे बोलून दाखवल्यावर मुस्तफाभाई म्हणाले. झालं, मी त्यांच्या पार्टीत गेलो. तेव्हापासून आम्ही दोघं एकीकडं आणि अख्खी बस एकीकडं.

आणि मग ती बातमी आली. एका सोमवारी मुस्तफाभाई बसमध्ये चढले ते चेहरा पाडूनच. गेम बनवणारे लोक मामांना बदलणार होते. येत्या सोमवारपासून नवीन मामा. हातात लोखंडी सळई, पळण्याचा वेग दुप्पट, आणि राउंड वगैरे काही नाही, दिसला माणूस की हाण. जुने मामा पुसून टाकणार.

"म्हणजे आपल्याकडं आता रविवारपर्यंतच वेळ," मुस्तफाभाई म्हणाले. "त्याच्या आत दाखवून द्यायचं, मामा गरीब माणूस आहे."

"कसं दाखवणार?"

त्यांनी मला सगळा बेत समजावला, आणि खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. गेममध्ये एका कोपऱ्यात मामांची स्वतःची प्रेस आहे. स्क्रीनवरचा खटका बोटानं दाबून धरला की ती चालते. चाव्या शोधायच्या नाहीत, पळायचं नाही, लपायचं नाही. त्या प्रेसवर उभं राहायचं आणि गेममधली अख्खी पाळी, भोंगा होईपर्यंत, ती चालू ठेवायची. बोट उचललं की मशीन बंद आणि पाळी पहिल्यापासून. भोंग्याला मामा मारतात का सुटतात, ते रेकॉर्ड करून सगळ्यांना दाखवायचं. आजवर कुणी एवढा वेळ उभं राहिलेलं नव्हतं, कारण मामा मागं येऊन उभे राहिले की भलेभले पळतात.

बसमध्ये जमेना. तळवड्याच्या पुढं नेटवर्क गेलं की खेळ खलास. मी म्हटलं, "भाई, घरी बसा की निवांत."

"घरी जमत नाही."

"का?"

"जमत नाही, बस." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, भाई भ्यायलेत. एवढी वकिली केली, आता खऱ्या परीक्षेला घाबरतायत. मी बसभर तसं सांगितलंही. मुस्तफाभाईंना नावं ठेवायची संधी कधी नव्हे ती मिळाली होती, पोरांनी ती सोडली नाही.

रविवारी मला ओव्हरटाइम होता. पहिली पाळी करून बस आकुर्डीला आली आणि मला राहवेना. शेवटचा दिवस, राव. उद्यापासून मामा नाहीत. मी घरी न जाता कंपनीच्या ड्रेसवरच, गळ्यात आयकार्ड तसंच ठेवून, बाकरवडीचा पुडा घेतला आणि विचारत विचारत मुस्तफाभाईंचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. आतून श्वासाचा आवाज येत होता. हुबेहूब मामा. मी मनात म्हटलं, वा, लावलाय वाटतं खेळ. आणि आत पाऊल टाकलं.

फोन मोरीजवळच्या भिंतीला टेकवून ठेवलेला, मुका. आवाज कॉटवरून येत होता. कॉटवर मुस्तफाभाईंचे अब्बा होते. उंच, हाडापेरानं दणकट, पण अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. एक हात कॉटवरून खाली लोंबत होता. मुस्तफाभाई त्यांना कुशीवर वळवत होते. मला बघून चपापले.

"दिवसा शेजारच्या खाला बसतात यांच्याजवळ," ते म्हणाले. "मी आलो की त्या जातात. मग मीच." कधीपासून, ते मी विचारलं नाही. शेजारच्या मशीनवर इतकी वर्षं काढली आणि मला एवढंही ठाऊक नव्हतं. चहाला थांबत नाहीत, लग्नाकार्याला येत नाहीत, तर आम्ही त्यांना घुम्या म्हणायचो. फार वाईट वाटलं मला.

"सकाळपासून बसतोय खेळाला," ते ओशाळं हसले. "जरा रंगात आलं की अब्बा हाक मारतात. बोट उचलावं लागतं. पाळी पहिल्यापासून."

तेवढ्यात अब्बांनी डोळे उघडले. "मुस्तफा, मेरा रिलीव्हर आया क्या?"

"रोज हेच," मुस्तफाभाई हळूच म्हणाले. "प्रेसवरच होते ते जन्मभर. मी म्हणतो, आया अब्बा, मैं आया. तर म्हणतात, तू पोरगा आहेस माझा, तू घरी जा. रिलीव्हर बुलाव."

अब्बांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. ड्रेसवर, आयकार्डावर थांबली. आणि तो चेहरा असा उजळला की मी बाकरवडी हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"किती उशीर?" अब्बा मला मराठीत म्हणाले. जीभ जड होती, पण दरडावणी पक्की होती.

काय बोलायचं ते मला आपोआप सुचलं. "माफ करा मामा. बस चुकली."

त्यांनी मला जवळ बोलावलं आणि व्यवस्थित हँडओव्हर दिला. जॉब जाड पत्र्याचा चाललाय. तेल घातलंय. पत्रा कापायचा पंच नवीन आहे, हळू घे. खालचा बोल्ट ढिला होतो, दर तासाला बघ. मी प्रत्येक गोष्टीला हो मामा, हो मामा म्हणत होतो. "समजलं ना?" "समजलं, मामा. तुम्ही निघा." त्यांनी एक मोठा श्वास सोडला, डोळे मिटले आणि झोपले. तो घरघरणारा आवाजही बारीक झाला.

मुस्तफाभाई भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी म्हटलं, "भाई, आता बघत काय बसलाय? उद्या सोमवार. फोन घ्या."

ते मोरीजवळ भिंतीला टेकून बसले, आवाज अगदी बारीक लावला, खटक्यावर अंगठा ठेवला. मी शेजारी. प्रेस धडधडू लागली. मामा लांबून आले, काटा ठोकला, गेले. परत आले. पाळी अर्धी झाली असेल. मामा बरोबर मागं येऊन उभे राहिले, हात फरशीला घासतोय, श्वास स्क्रीन धुरकटवतोय. आणि शेजारून वेगळाच आवाज आला. मुस्तफाभाई घोरत होते.

अंगठा खटक्यावरून घसरायला लागला. उठवू का? उठवलं असतं तर जन्माची हौस फिटली असती त्यांची. पण तो चेहरा बघितला आणि उठवायचा धीर झाला नाही. मी हळूच माझं बोट त्यांच्या अंगठ्याखाली सरकवलं.

भोंगा झाला.

मामांनी हात वर केला. मी डोळे बारीक केले, बोट नाही उचललं. मामांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि प्रेसशेजारच्या खुंटीला अडकवलं. त्या खुंटीकडं आजवर कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. मग ते सावकाश चालत गेटपर्यंत गेले. गेट उघडलं. बाहेर ऊन होतं. मामा निघून गेले. मला ओरडायचं होतं, नाचायचं होतं, अख्ख्या बसला फोन करायचा होता. ते सगळं गिळून मी तसाच बसून राहिलो.

मुस्तफाभाई दचकून जागे झाले. "अब्बा?"

"झोपलेत."

मग त्यांनी फोनकडं बघितलं. "आणि मामा?"

"सुटले."

"रेकॉर्ड केलंस?"

"बोट अडकलं होतं, भाई."

ते सरळ होऊन बसले. मला वाटलं, चिडणार. "हेल्मेट जागेवर ठेवलं का त्यांनी?"

"ठेवलं."

"मग झालं," ते म्हणाले. बसमध्ये कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, आणि त्याची त्यांना काही पडलेली दिसली नाही. थोडा वेळ बोटं मोडत बसले. मग शाळकरी पोरानं विचारावं तसं विचारलं, "मी जरा खाली जाऊन चहा पिऊन येऊ?"

"जावा की. मी आहे."

त्यांनी चपला घातल्या. दारापर्यंत गेले, बाहेर बघितलं आणि परत आले. अब्बांच्या अंगावरची चादर सारखी केली. पुन्हा दारापर्यंत गेले, पुन्हा थांबले.

"भाई, मी हँडओव्हर दिल्याशिवाय हलत नाही," मी म्हटलं. "जावा."

मग गेले.