अनुक्रमांक एक

शमुवेल गुरुजींनी नाव घेतलं की नुसती 'ओ' देऊन भागत नाही. 'हजर' म्हणावं लागतं. चौसाळ्याच्या बाजारपेठेत माझं हार्डवेअरचं दुकान आहे, वय पंचावन्न आहे, दोन नातवंडं आहेत. तरी रोज सकाळी हा माणूस दुकानासमोर छत्री टेकवून खड्या आवाजात पुकारतो, "महालिंग काशीनाथ हिंगमिरे!" आणि मी हातातले खिळे तराजूत टाकून "हजर" म्हणतो. एकदा मुद्दाम गप्प बसलो. त्यांनी तीनदा नाव घेतलं, गिऱ्हाइकांकडं बघितलं आणि म्हणाले, "अप्पा आज आलेच न्हाईत जणू." आणि चालू लागले. त्या दिवशी माझं कशात लक्ष लागलं नाही.

गुरुजींना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण हजेरी सुटलेली नाही. लग्नात पंगतीची हजेरी घेतात. मतदानाला अधिकाऱ्यानं त्यांचं नाव वाचलं तेव्हा असे "हजर!" ओरडले, की त्या बिचाऱ्याची शाईची बाटली कलंडली. मयतीला गेले तरी गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव एकदा घेतात आणि थोडं थांबतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, "संधी द्यावी लागती, अप्पा."

नोकरीतही त्यांचं असंच होतं. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा. बाकीचे मास्तर हजेरीपटावर सगळी पोरं हजर दाखवून मोकळे व्हायचे. गुरुजींनी खोटा 'ह' कधी लिहिला नाही, म्हणून त्यांच्या बदल्या फार झाल्या. गंमत अशी, की वर्गात नसलेल्या पोरांची नावंही ते रोज मोठ्यानं घ्यायचे, सहा महिने, रिकाम्या जागेकडं बघून. "नाव घ्यायचं सोडलं म्हंजी पोरगं हायच न्हाई म्हनल्यासारखं हुतं," हे त्यांचं म्हणणं. वरिष्ठांना ते पटलं नाही. मलाही तेव्हा पटलेलं नव्हतं.

गावाच्या कडेला ख्रिस्ती मंडळींचं पत्र्याचं छोटं प्रार्थनामंदिर आहे. सहा-सात घरं, त्यातली बरीचशी हंगामात ऊसतोडीला. पाळकसाहेब बीडहून महिन्यातून एकदा येतात. बाकी दिवस तिथं एकटे गुरुजी. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतल्यासारखा एक कोरा हजेरीपट विकत आणला आणि त्यात दोनच नावं लिहिली. अनुक्रमांक एक, प्रभू. अनुक्रमांक दोन, शमुवेल. पत्त्याच्या रकान्यात पहिल्या नावापुढं आधी 'सर्वत्र' लिहिलेलं दिसतं. ते खोडून पुढं लिहिलंय, 'चौकशी चालू'.

रोज सकाळी साडेसहाला कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं, मोठ्यानं हाक मारायची, "प्रभू!" मग दहा मिनिटं थांबायचं. स्वतःपुढं 'ह' लिहायचं आणि पहिल्या नावापुढची जागा कोरी सोडून यायचं. अकरा वर्षांचे हजेरीपट त्यांनी जपून ठेवलेत. पहिली ओळ सगळी कोरी.

मी एकदा चिडून म्हणालो, "गुरुजी, गैरहजर तरी लिहा की!"

"गैरहजर लिवायची माझी हिंमत न्हाई आन् हजर लिवायचा मला अधिकार न्हाई," ते म्हणाले. मग हळूच पुढं बोलले, "आमच्या शास्त्रात माझ्या नावाचा एक जण हाय, अप्पा. तेला देवानं एका रातीत चार बारीला नाव घिऊन हाक मारली. चार बारीला! मला एकदा चालंल. नुसतं शमुवेल म्हनला तरी बास हाय."

एवढी वर्षं रिकाम्या हातानं परत येणारा माणूस कावलेला असायला हवा. गुरुजी तसे नाहीत. "कसे आहात?" असं विचारून उत्तर ऐकायला खरोखर थांबणारा आमच्या पेठेतला हा एकच माणूस. थांबायची सवय त्यांना तिथंच लागली असणार. त्यांच्याजवळ माणसं भडाभडा बोलतात. मीही बोललोय. हाक मात्र त्यांना कुणी मारत नाही. सगळं गाव नुसतं 'गुरुजी' म्हणतं, आणि शमुवेल म्हणणारी त्यांची बायको जाऊन बारा वर्षं झाली.

गेल्या हिवाळ्यात ते मंदिराच्या पायरीवरून घसरले आणि पाय मोडला. मी भेटायला गेलो तर मांडीपर्यंत प्लास्टर घालून खाटेवर पडलेले. मला वाटलं, डॉक्टरबद्दल काही सांगतील. त्यांनी उशाखालून किल्ली काढली.

"अप्पा, खाडा हुतोय बगा. तुमी जाऊन फक्त नाव घिऊन या."

"मी? अहो गुरुजी, मी लिंगायत माणूस."

"मग काय झालं? तुमी आवाज द्या. कुनाला वळखायचं ते तो बगंल."

मी देवभोळा नाही. सकाळी लिंगपूजा करतो, घड्याळ बघून आठ मिनिटांत. पण किल्ली घेतली. पहिले तीन दिवस चप्पलही न काढता दारातूनच "प्रभू!" असं ओरडलो आणि उलट पावली फिरलो. ठरल्याप्रमाणे जागा कोरी. संध्याकाळी गुरुजी हजेरीपट हातात घेऊन त्या कोऱ्या चौकोनावरून बोट फिरवायचे आणि "बरं" म्हणायचे. ते 'बरं' ऐकवत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी ठरवलं, आज 'ह' लिहायचा. म्हातारा खूश होईल, माझं काय जातंय? बाजाराचा दिवस होता. अशा दिवशी मी सातलाच शटर उघडतो, त्यामुळे घाईत होतो. पेन उघडलं, चौकोनावर टेकवलं, आणि हात पुढं जाईना. ज्या माणसानं खोटा 'ह' न लिहिण्यापायी निम्मा जिल्हा बदल्यांत पालथा घातला, त्याच्या पटावर मी लबाडी करणार? निदान हाक तरी नीट मारावी म्हणून चप्पल काढली, आत जाऊन सतरंजीवर बसलो आणि हळू म्हणालो, "प्रभू."

आणि थांबलो.

काय झालं ते मला धड सांगता येत नाही. काहीच झालं नाही. पत्र्यावर कबुतरं चालत होती. खिडकीतून ऊन आलं आणि सतरंजीवरून सरकत माझ्या गुडघ्यापर्यंत पोचलं. माझ्याकडं कुणी काही मागत नव्हतं, मीही काही मागत नव्हतो, आणि तरी एकटं वाटत नव्हतं. मग मला रडू आलं. वडील गेले तेव्हाही इतकं आलं नव्हतं. बाहेर आलो तेव्हा सव्वानऊ वाजले होते आणि फोनवर बायकोचे चौदा मिस्ड कॉल होते.

संध्याकाळी गुरुजींनी पट उघडला. "कोरंच?"

"कोरंच."

"आज दुकान लई उशिरा उघडलं म्हनं?"

"तिथंच बसलो होतो. उठवेना."

"किती येळ?"

"सव्वानऊपर्यंत."

गुरुजींनी त्या कोऱ्या चौकोनावर बोट टेकवलं. मग माझ्या खिशातलं पेन त्यांनी स्वतःच काढून घेतलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, अनुक्रमांक एकपुढं, ठळक 'ह' काढला.

"गुरुजी, तुम्ही आणि खोटी हजेरी?"

"खोटी कावून? बाजाराच्या दिवशी तुमाला दुकान बंद ठिवून दोन-अडीच तास बसवायचं, हे तेच्याशिवाय कुनाला जमनार हाय का?"

ते हसले. मग खालच्या ओळीत स्वतःपुढं 'गै' लिहिलं आणि त्या अक्षराकडं बघत राहिले. "रोज मी जातो, अप्पा. आन् आला तो नेमका माझ्या गैरहजेरीत," असं म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं. पाठ हलत होती. मी हजेरीपट चाळत बसलो, दुसरं काय करणार?

थोड्या वेळानं तसंच भिंतीकडं तोंड ठेवून त्यांनी विचारलं, "कसं वाटलं वो? नीट सांगा की."

आता प्लास्टर निघालंय. काठी टेकत गुरुजी पुन्हा रोज साडेसहाला जातात. पहिली ओळ पुन्हा कोरी आहे. येताना दुकानासमोर उभे राहून माझं पूर्ण नाव पुकारतात, मी "हजर" म्हणतो. परवा मी उलटा डाव टाकला. गल्ल्यावरून उठून मोठ्यानं म्हणालो, "शमुवेल!"

छत्री हातातून पडली. क्षणभर ते माझ्याकडं न बघता आभाळाकडंच बघत राहिले. मग मी दिसलो. "तुमी हाय व्हय," म्हणाले, आणि तरीसुद्धा अगदी हळू आवाजात "हजर" म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी छत्री उचलून दिली, स्टूल पुढं सरकवलं. ते बसले आणि काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "त्या दिवशीचं एकदा परत सांगा की, अप्पा."

गिऱ्हाइकाला थांबायला सांगून मी पहिल्यापासून सांगायला लागलो.