फाटकाची कडी

लेक दुपारी आली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधीच म्हणाली, "संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलंय हं."

आई "बरं" म्हणाली. बाबा उठले आणि फाटक नीट बंद करून आले. एरवी ते नुसतं लोटलेलं असे. पण गेल्याच महिन्यात बाबांनी ते स्वतः घासून जस्ताचा रंग दिला होता, आणि लेकीला दाखवायला घरात दुसरं नवीन काही नव्हतं. कडी जरा जड गेली, म्हणून त्यांनी ती ठोकून बसवली.

बाबांची उभी हयात पुलांचा गंज काढण्यात गेली. गल्ली त्यांना गंजोबा म्हणे. जेवताना विषय कुठूनही निघो, मुक्काम गंजावरच.

"लोखंडाला हवा आणि पाणी एकत्र मिळालं की गंज आलाच. त्यात मीठ पडलं तर बघायलाच नको. म्हणून वर जस्त द्यायचं. ते स्वतः झिजतं, लोखंडाला वाचवतं."

"बाबा, हे मी शाळेत जायच्या आधी पाठ केलंय."

"हो, पण हल्ली उजळणी घ्यायला सापडतेस कुठे?"

लेकीने बाबांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

संध्याकाळी ती बॅग घेऊन फाटकाशी गेली. कडी हलेना. बाबांनी ओढली, हलेना. दोघांनी मिळून ओढली, तेव्हा मूठ तेवढी हातात आली. बाबांनी हातोडी आणली. पहिल्या घावाला कडी वाकली, दुसऱ्याला अंगठा सुजला.

शेजारचे काका पलीकडून म्हणाले, "गंजोबा, तुमचं फाटक गंजलं? कुणाला सांगू नका. मी सांगतो."

"भिंतीवरून जाते मी," लेक म्हणाली.

भिंतीवर लोखंडी भाले होते. बाबांच्या निगराणीने एकेकाचं टोक सुईसारखं. लेकीने बॅग खाली ठेवली.

बाबा खाली वाकले. कडीच्या खाचेत पांढरी भुकटी, तिच्याखाली तांबडा गंज. महिन्याभरात जस्ताचं असं पीठ होत नाही. त्यांनी बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट.

त्यांनी मागे पाहिलं. आई कुंड्यांना पाणी घालत होती, आज दुसऱ्यांदा.

"माझ्याकडे काय बघताय?" ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं जेवताना ऐकतेय. थोडंफार डोक्यात राहणारच."

"बाबा, तेल घालून बघा ना," लेक म्हणाली. "किती वेळात सुटेल?"

तेलाची बाटली बाबांच्या खिशातच होती. त्या तेलाने पुलाचे नट घटकाभरात सुटत. आणि गंजाच्या बाबतीत बाबा जन्मात खोटं बोलले नव्हते.

"रात्रभर मुरावं लागतं," ते म्हणाले. "थंडी असली तर परवापर्यंत."

आईने कपाळावरचा घाम पुसला आणि लेकीची बॅग उचलून आत नेली.