लाँड्रीवाल्याची बाजू

वकीलसाहेब अजून वकील झालेले नव्हते. कायद्याच्या कॉलेजात त्यांनी नाव घातलं, त्याच दिवशी ऑफिसातल्या मंडळींनी ही पदवी त्यांना परस्पर देऊन टाकली होती. ऑफिसात ते आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर एक शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या कागदावर दुसरा, एवढंच काम. (कधीकधी ते आलेल्या कागदावर जाण्याचा शिक्का मारत आणि कागद खरोखरच निघून जाई. पण तो विषय वेगळा.) सकाळी कॉलेज, दिवसभर शिक्के आणि संध्याकाळी घरी पोचावं तर दारातच बायको उभी. तिच्या हातात त्यांची मुलगी असे आणि ती मुलगी पुढच्या क्षणी त्यांच्या हातात असे.

मुलीचं पाळण्यातलं नाव चांगलं होतं, पण ते कुणी वापरत नसे. दुपट्यात गुंडाळली की ती अगदी गठुड्यासारखी दिसे, म्हणून सगळे तिला गठुडीच म्हणत. गठुडी स्वभावाने गुणी होती. फक्त झोपायला तिचा विरोध होता.

यंदा वकीलसाहेबांचं शेवटचं वर्ष होतं आणि त्यावर बायकोचे डोळे लागलेले होते. तिचं औषधशास्त्राचं शिक्षण लग्न आणि गठुडी यांच्या गडबडीत अर्धवट राहिलं होतं. ते पुरं करायचं तर तिचंही कॉलेज सकाळचंच. आणि घरात कुणी मोठं माणूस नसल्यामुळे सकाळी दोघांपैकी एकालाच बाहेर पडता येई. "तुझं आटोपलं की माझा नंबर," असं तिने सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, आणि त्यानंतर एकदाही तो विषय काढला नव्हता. वकीलसाहेबांना तिच्या त्या गप्प राहण्याचीच जास्त धास्ती वाटे. तिने भांडण काढलं असतं तर निदान काहीतरी उत्तर देता आलं असतं.

लेखी परीक्षा पार पडल्या. उरलं होतं ते मूट कोर्ट. मूट कोर्ट म्हणजे खोटी केस, खोटे वकील, खोटे पक्षकार आणि खरे मार्क. त्यात नापास झालं की वर्ष गेलं.

केस साधी होती. एका गृहस्थाने आपला लग्नातला कोट लाँड्रीत टाकला आणि लाँड्रीवाल्याने तो हरवला. गृहस्थाने भरपाई मागितली, तेव्हा लाँड्रीवाल्याने पावती उलटी करून दाखवली. मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं, 'कपडे हरवल्यास दुकान जबाबदार नाही.' कोटवाल्याची बाजू वकीलसाहेबांकडे आली. लाँड्रीवाल्याची बाजू वर्गातल्या एका तरुणाकडे गेली, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणत. भोंगा साधं "हजर" म्हणाला तरी शेजारच्या वर्गाची हजेरी लागे.

आता तयारी करायची कधी? संध्याकाळी घरात गठुडी आणि फाइल दोन्ही एकाच वेळी हात मागत. तेव्हा एका संध्याकाळी वकीलसाहेबांनी ठरवलं की या दोन गोष्टी वेगळ्या करायच्याच कशाला? त्यांनी गठुडीला डाव्या खांद्यावर टाकलं, उजव्या हातात फाइल धरली आणि खोलीत येरझाऱ्या घालत मोठ्याने युक्तिवाद सुरू केला.

"न्यायमूर्ती, हा केवळ एका कोटाचा प्रश्न नाही! हा अन्याय आहे! ही सामान्य गिऱ्हाइकाची उघड उघड फसवणूक आहे!"

गठुडीने भोकाड पसरलं.

"आवाज चढवू नकोस रे!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"अगं, अन्यायाविरुद्ध आवाज चढवावाच लागतो!"

"अन्याय कोटवाल्यावर झालाय ना? मग शिक्षा मला कशाला?"

वकीलसाहेब वरमले. त्यांनी फाइलची पानं उलटली. फाइलच्या मागच्या भागात समोरच्या पक्षाचे मुद्दे लिहिलेले होते. विरोधक काय बोलणार हे आपल्याला त्याच्याआधी माहीत हवं, असं प्राध्यापकांनी बजावलेलं होतं. ते मुद्दे वकीलसाहेबांनी उगाच, हळू आवाजात, एका सुरात वाचायला घेतले. "पावती स्वीकारणाऱ्याने त्या पावतीवरील अटीही स्वीकारल्या असे मानले जाते. अटी वाचल्या नाहीत ही सबब चालत नाही. कारण अटी वाचण्याची पुरेशी संधी..."

खांदा जड झाला. गठुडी झोपली होती.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. कोटवाल्याचं दुःख मांडायला घेतलं की गठुडी ताठ व्हायची. लाँड्रीवाल्याकडे वळलं की तिची मान खांद्यावर पडायची. लाँड्रीवाल्याच्या बाजूत राग नव्हता, उद्गारचिन्हं नव्हती, नुसती कलमं होती. आणि झोपलेल्या मुलीला खाली ठेवलं की ती जागी होणार, म्हणून वकीलसाहेब आणखी चार फेऱ्या मारत आणि आणखी चारदा लाँड्रीवाल्याला वाचवत. बायको दारातून डोकावून पाही आणि कौतुकाने म्हणे, "काय अभ्यास करतोयस रे!" तिला आत काय चाललंय ते कळत नव्हतं. खरं तर वकीलसाहेबांनाही कळत नव्हतं.

मूट कोर्टाचा दिवस शनिवारचा निघाला, दुपारचा. आणि नेमकं त्याच दुपारी बायकोला तिच्या कॉलेजात प्रवेशाच्या मुलाखतीला बोलावणं आलं. गठुडीला शेजारच्या काकू सांभाळणार होत्या. सगळं ठरलेलं होतं. पण निघायच्या वेळी काकूंनी दार उघडलं ते काळा चष्मा लावून.

"डोळे आलेत गं बाई," काकू लांबूनच म्हणाल्या. "पोरीला माझ्या जवळसुद्धा आणू नका."

दोघं जिन्यात उभी राहिली. बायकोने नेसूनसवरून हातात कागदांची पिशवी घेतली होती. तिने ती शांतपणे खाली ठेवली.

"मी नाही जात," ती म्हणाली. "तुझी परीक्षा महत्त्वाची. मी पुढच्या वर्षी बघेन."

ती हे अगदी सहज म्हणाली. वकीलसाहेबांच्या नंबरापायी तिची तीन वर्षं आधीच गेली होती. त्यांनी पिशवी उचलून तिच्या हातात दिली आणि गठुडीला खांद्यावर घेतलं.

"तू जा. हिला मी नेतो."

"कोर्टात?"

"मूट कोर्टात."

"आणि मध्येच उठली तर?"

"माझ्या युक्तिवादाने ती झोपते. रोज बघतेस ना?"

जगात पहिल्यांदाच कुणीतरी या वाक्याचा अभिमान बाळगत होतं.

कॉलेजच्या सभागृहात न्यायाधीश म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई आलेल्या होत्या. पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा आणि करारी चेहरा. वकीलसाहेब काळा कोट घालून, खांद्यावर झोपलेलं बाळ घेऊन उभे राहिले, तेव्हा बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे काय आहे?"

"माझी मुलगी आहे, न्यायमूर्ती."

"वादी आहे की साक्षीदार?"

सभागृह हसलं. गठुडी चुळबुळली. सभागृह एकदम गप्प झालं.

वकीलसाहेबांनी घाबरत घाबरत सगळी हकीकत सांगितली. काकूंचे डोळे सांगितले, बायकोची मुलाखत सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ गठुडीकडे पाहिलं.

"माझ्या मुलाच्या वेळी मी एक अख्खी परीक्षा सोडून दिली होती," त्या म्हणाल्या. "बाळ झोपलंय तोवर काम चालेल. मात्र या न्यायालयात कुणीही आवाज चढवायचा नाही. समजलं?"

हा शेवटचा प्रश्न भोंग्याकडे पाहून होता. भोंग्याचा चेहरा उतरला. आवाज काढून घेतल्यावर त्याच्याकडे फारसं काही उरत नसे.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला (हळूच) आणि सुरुवात केली. "न्यायमूर्ती, हा केवळ एका कोटाचा प्रश्न नाही. हा अन्याय..."

गठुडीने मान उचलली. तिचा खालचा ओठ पुढे आला. सभागृहातल्या पन्नासेक माणसांनी श्वास रोखला. त्यांत चार-पाच जण स्वतः बाप होते, त्यांनी तर डोळेच मिटून घेतले.

वकीलसाहेबांना विचार करायला वेळच नव्हता. त्यांचं शरीर आपोआप डुलू लागलं, हात आपोआप थोपटू लागला आणि तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडले.

"...तथापि, पावती स्वीकारणाऱ्याने त्या पावतीवरील अटीही स्वीकारल्या असे मानले जाते."

गठुडीने एक सुस्कारा सोडला आणि मान खाली टाकली.

मग काय विचारता! ते असे काही वाहत गेले की ज्याचं नाव ते. ना अडखळणं, ना फाइलकडे पाहणं. कलमामागून कलम, निवाड्यामागून निवाडा, सगळं एका सुरात, डुलत डुलत. पहिल्या रांगेतले लोकही त्यांच्याबरोबर किंचित डुलू लागले. आपण इतकं सुरेख बोलू शकतो याची वकीलसाहेबांनाच कल्पना नव्हती. समोर भोंगा तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे पाहत होता. घाबरला बिचारा, असं त्यांना वाटलं आणि त्याची थोडी दयाही आली.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वकीलसाहेब," त्या कुजबुजल्या, "तुम्ही जे म्हणताय त्याची तुम्हाला खात्री आहे ना?"

"शंभर टक्के, न्यायमूर्ती."

"तुमच्या पक्षकाराला याची कल्पना आहे?"

"माझ्या पक्षकाराचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "चालू द्या."

वकीलसाहेबांनी शेवटचा मुद्दा मांडला, अदबीने मान लववली आणि खाली बसले. भोंगा उठला. त्याने आपल्या कागदांकडे पाहिलं, वकीलसाहेबांकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजला.

"न्यायमूर्ती, मला काहीच बोलायचं नाही. माझ्या विद्वान मित्रांनी बोलायला काही ठेवलंच नाही."

शरण आला! वकीलसाहेबांची छाती फुगली. ती इतकी फुगली की खांद्यावरची गठुडी थोडी वर सरकली.

"दावा फेटाळण्यात येत आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "लाँड्रीवाला जबाबदार नाही."

"फेटाळला?" वकीलसाहेब उभे राहिले. "पण का, न्यायमूर्ती? कुणाच्या युक्तिवादामुळे?"

"तुमच्या."

"पण मी तर..." आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. गेली वीस मिनिटं ते काय बोलत होते ते त्यांना एकेक करून आठवू लागलं. "अरे देवा!"

हे मात्र ते मोठ्याने म्हणाले. गठुडी जागी झाली आणि तिने इतका वेळ साठवून ठेवलेलं रडणं सगळं एका दमात बाहेर काढलं. भोंग्यानेही दाद दिली. न्यायाधीशबाई खाली उतरून आल्या, त्यांनी पोरीला घेतलं आणि तिला थोपटत थोपटतच निकाल पुरा केला.

"मार्क केस जिंकण्याला नसतात, मांडणीला असतात. लाँड्रीवाल्याची बाजू इतकी चांगली मी माझ्या नोकरीत कधी ऐकली नाही. पास करतेय. पण एक सांगते, तुमच्या पक्षकाराने दुसरा वकील बघावा."

वकीलसाहेब घरी पोचले तेव्हा बायको आधीच आलेली होती. दार उघडतानाच तिचा चेहरा सांगत होता, पण ती आधी त्यांचं ऐकायला थांबली.

"पास?"

"पास."

तिने डोळे मिटले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मला प्रवेश मिळाला. पुढच्या महिन्यापासून सकाळी मी जाणार." वकीलसाहेबांना वाटलं, आपण आयुष्यात याहून चांगलं काही ऐकलेलं नाही. तिला काहीतरी छानसं म्हणावं म्हणून ते शब्द शोधू लागले, पण तेवढ्यात तिनेच विचारलं.

"म्हणजे केस जिंकलास तू?"

"नाही. हरलो."

"हरलास? त्या भोंग्याने हरवलं?"

"भोंगा काही बोललाच नाही."

"मग कुणी हरवलं?"

"मीच," वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

बायको जी हसत सुटली ती थेट जमिनीवर बसली. डोळे पुसत पुसत तिने आपल्या वडिलांना फोन लावला आणि प्रवेशाची बातमी दिली. ती ऐकून पलीकडे म्हातारा गहिवरला. मग तिने कोटाची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत, अभिनयासह ऐकवली. सासऱ्यांचा त्यांच्या शेजाऱ्याशी कुंपणावरून कित्येक वर्षं वाद चाललेला होता आणि जावई वकील होण्याची ते चातकासारखी वाट पाहत होते.

"जावईबापूंना दे जरा फोन," शेवटी ते म्हणाले.

वकीलसाहेबांनी फोन घेतला.

"जावईबापू, अभिनंदन. माझ्या कुंपणाची केस तुम्हीच लढवायची. ठरलं!"

वकीलसाहेब सावरून बसले. एवढं सगळं ऐकूनही या माणसाचा आपल्यावर विश्वास आहे, या विचाराने त्यांनी लगेच वही-पेन पुढे ओढलं. "नक्की लढवतो, बाबा! कागदपत्रं कधी पाठवताय?"

"मी नाही पाठवणार," सासरे म्हणाले. "शेजारी पाठवील. मी आत्ता जाऊन त्याला सांगतो, माझा जावई तुझी केस फुकट लढवायला तयार आहे म्हणून."