ताटातल्या दहा वस्तू

तिसगावात राहीबाईंसारखी आठवण दुसऱ्या कुणाची नाही, हे सगळ्या गावाला मान्य होतं. निदान राहीबाईंना तरी होतं! एकतीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. पहिल्या तुकडीतलं कोणतं पोर कुणाच्या कडेवर रडत आलं, हे आजही सांगत. टेम्पोवाला अजिनाथ मिशा पिळत समोर आला की म्हणत, "चड्डी उलटी घालून यायचास तू."

त्या दिवशी अकराला अंगणवाडीत त्यांना मान होता. नवी सुपरवायझर मोबाईलवरून पोरांची बुद्धी वाढवायला निघाली होती. राहीबाई तिला आपला जुना खेळ दाखवणार होत्या. ताटात दहा वस्तू मांडायच्या, पोरांनी डोळे भरून बघायच्या, मग वर फडकं टाकून ओळीनं सांगायच्या.

सकाळी तालीम झाली ती शिंगणापूरहून आलेल्या पाच वर्षांच्या नातीवर, राजनंदिनीवर. नियम एकच. "नुसतं बघायचं. इचारल्याबिगर बोलायचं न्हाई."

पोरीनं तीन वस्तू सांगितल्या आणि तिची नजर कोठीच्या दाराच्या कडीवर गेली. तिच्या घरी उंबऱ्यावर नुसता पडदा. इथं आल्यापासून तिनं एकही कडी वाजवल्याशिवाय सोडली नव्हती.

"हिचं ध्यानच न्हाई," म्हणत राहीबाई ताट घेऊन कोठीच्या खोलीत शिरल्या. अडकित्ता बदलून दुसरा ठेवायचा होता.

मागे बाहेरून कडी पडली. खट्ट!

पडली ती अडकलीच. पोरगी ओढू लागली, लोंबकळली, कडी ढिम्म. बाजाराचा दिवस, गल्लीत चिटपाखरू नाही. राहीबाईंनी ताटातलं उलथनं फटीतून सारलं, तर ते केळीच्या पानासारखं वाकलं. अजिनाथला हाका मारल्या, कोंबड्या तेवढ्या धावत आल्या. साडेदहा झाले. आता सुपरवायझर म्हणणार, बाईंचं वय झालं, वेळसुद्धा ध्यानात राहत नाही! राहीबाईंचे डोळे भरून आले.

"नंदे, तुला तरी काही सुचतंय का गं?"

"पोत्यांमागं दार हाय की," बाहेरून उत्तर आलं. "काल मी तिथंच लपले हुते."

राहीबाईंनी पोती सरकवली, टांगलेली चादर ओढली. दार होतं! खळ्यावरून बैलगाडी थेट याच दाराला लागायची. मालक पोतं आत देताना दरवेळी म्हणायचे, "पाय सांभाळ गं." बैल गेले, मालक गेले, आणि एक दिवस राहीबाईंनीच तिथं चादर टांगली. अडसरावर हात ठेवून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग तो काढून, पुढच्या दारातून नातीला घेऊन धावत सुटल्या.

"मघाशीच का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंच न्हाईस."

अकराला दोन मिनिटं असताना त्या अंगणवाडीत पोचल्या. पोरं ओळीत बसलेली, सुपरवायझर कौतुकानं बघत होती. राहीबाईंनी हात पुढे केले. ताट कोठीतच राहिलं होतं.

डगमगतील त्या राहीबाई कसल्या! म्हणाल्या, आपण वस्तू तोंडानंच सांगू. सुपारी, वाटी, लिंबू, चमचा... आणि गाडी थांबली. शेवटी त्यांनी हळूच नातीकडे पाहिलं.

"सांग गं तू."

पोरीनं दहाच्या दहा वस्तू ओळीनं म्हटल्या. शेवटची उलथनं. "आता वाकडं झालंय," असंही सांगितलं.

"मग सकाळी तीनच का सांगितल्यास?"

"तू ताट उचलून नेलंस ना."

सुपरवायझरनं ते सगळं वहीत लिहून घेतलं म्हणे. गावाला मात्र वहीची गरज नव्हती. हल्ली अजिनाथ टेम्पो थांबवून अदबीनं विचारतो, "बाई, मागचं दार जाग्यावर हाय ना?"

आणि त्याच्या चड्डीचं राहीबाईंना आता काहीएक आठवत नाही.