उष्णता म्हणजे हानी

कार्यक्षमता विभागाने काकूंचे अंडी उबवण्याचे यंत्र सील केले, तेव्हा त्यात अकरा अंडी होती. अंडी ठिपकी कोंबडीची. ठिपकीला मांजराने नेले होते, त्यामुळे तिची ही शेवटचीच, आणि चार-सहा दिवसांत फुटायच्या बेताला आलेली. विभागाचे अंड्यांशी काहीच भांडण नव्हते. पॉवर सप्लायवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राची कार्यक्षमता तपासून त्यावर ताऱ्यांचे स्टिकर लावल्याखेरीज ते वापरू नये, असा नियम होता, आणि पुतणीने घरी बनवून दिलेल्या या यंत्रावर एकही तारा नव्हता. सील करणाऱ्याने अदबीने अंडी बाहेर काढून काकूंच्या हातात दिली. अंड्यांना नियम लागू नव्हता.

काकूंनी अंडी टोपलीत ठेवली, वर शाल पांघरली, आणि यंत्र पुतणीच्या हाती देऊन दोघी विभागात येऊन बसल्या. तपासणी-कक्षात गारठा होता. फक्त कोपऱ्यातल्या एका जुन्या लोखंडी डब्याजवळ बरे वाटत होते. काकूंनी टोपली त्या डब्यावर ठेवली.

"तिथे काही ठेवू नका, बाई," तपासणी करणारे साहेब म्हणाले. "तो आमच्या मोजणीच्या उपकरणांचा पॉवर सप्लाय आहे."

"राहू द्या हो. अंडीच तर आहेत. त्यांचं काय ओझं होणार आहे तुमच्या डब्याला?"

ओझ्याबद्दल नियमात काही नसल्यामुळे साहेबांनी टोपली राहू दिली.

तपासणी सुरू झाली. यंत्राचा पॉवर सप्लाय दोनशे तीस व्होल्टवर शून्य पूर्णांक तीन अँपिअर घेत होता, म्हणजे एकोणसत्तर वॅट. देत होता बारा व्होल्टवर पाच अँपिअर, म्हणजे साठ वॅट. साठ भागिले एकोणसत्तर. पुतणी म्हणाली, "सत्त्याऐंशी टक्के. पंच्याऐंशीला पाच तारे, ना?"

"घाई नको. हे साठ वॅट पुढे जातात कुठे?"

"आतल्या तारेत. तार तापते."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे उष्णता होते?"

"तीच तर हवी!"

"कलम सात. उष्णता म्हणजे हानी." साहेबांचा आवाज दुःखद बातमी सांगणाऱ्याचा झाला. "साठच्या साठ वॅट हानी. उपयुक्त काम शून्य. शून्य भागिले एकोणसत्तर... माझ्या नोकरीत इतकं निकामी यंत्र मी पाहिलं नाही, मॅडम."

"अहो, उबवायचं यंत्र आहे ते!"

"उबवणं हा विषय आमच्याकडे येत नाही."

तरीही विभाग जनतेच्या मदतीसाठीच होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः उपाय सुचवला. तार काढावी आणि त्या जागी पंखा बसवावा. पंखा फिरतो, आणि फिरणे हे काम आहे. पुतणीने दात-ओठ खात तार काढली, पंखा बसवला. यंत्र पास झाले. पाच तारे.

काकूंनी यंत्रात हात घातला. "साहेब, हे तर गारठलंय."

"अभिनंदन!" साहेब म्हणाले.

"देवानं कोंबडीला तारे दिले नाहीत, तेच बरं केलं," काकू हळूच म्हणाल्या आणि डब्याजवळ जाऊन बसल्या.

टोपली घरी नेण्यात अर्थ नव्हता. डबा बंद करायला वरून मंजुरी लागत असल्यामुळे तो रात्रंदिवस चालू असे. वॉचमनला सांगून काकूंनी टोपली पहिल्या रात्रीपासून तिथेच ठेवली होती. रोज येत, अंडी फिरवत, पाण्याची वाटी भरत. पुतणीने डब्याला हात लावून पाहिला आणि न राहवून मोजले. दोनशे तीस वॅट घेत होता, अठ्ठेचाळीस देत होता. उरलेले एकशे ब्याऐंशी नुसते तापण्यात.

"साहेब, हा एकवीस टक्क्यांवर आहे!"

"तो मोजणारा आहे. मोजणाऱ्याला मोजायची तरतूद नाही."

तारेचे यंत्रही चालू द्यावे, असा अर्ज पुतणीने केला. तो वर चढत गेला, निकालाचा दिवस आला. साहेब कलम सात मोठ्याने वाचत असताना टोपलीतून चिवचिव झाली. शाल बाजूला केली तर एक ओले पिल्लू अर्ध्या कवचातून साहेबांकडे बघत होते. संध्याकाळपर्यंत नऊ निघाली. काकूंनी डोळे पुसले. दोन पिल्ले फायलींच्या कपाटाखाली गेली, तिथून ती काढायला तीन कारकून लागले.

साहेब मात्र विचारात पडले होते. मग त्यांनी नव्याने गणित मांडले. डब्याच्या उष्णतेतून नऊ जीव निर्माण झाले, सबब ती उष्णता उपयुक्त. अठ्ठेचाळीस अधिक एकशे ब्याऐंशी, दोनशे तीस. कार्यक्षमता शंभर टक्के. जुन्या डब्यावर पाच तारे लागले, आणि कलम सातखाली अपवाद नोंदला गेला.

"मग आमच्या तारेची उष्णताही उपयुक्तच की!" पुतणी उसळली.

"तुमच्या यंत्रातून पिल्लं निघाली का?"

"तुम्ही सील केलंत ना!"

"तेच म्हणतो मी. पुरावा नाही."

नऊ पिल्ले घेऊन काकू घरी गेल्या. ठिपकीचा वंश राहिला, त्यांचे काम झाले होते. पुतणीचे झाले नव्हते. अपवाद, बंदीत सूट, असे करत करत विभागाने तिला दुकान काढून तारेचे आणि पंख्याचे अशी दोन्ही यंत्रे विकायला ठेवायची मुभा दिली. बिनताऱ्यांच्या यंत्रावर फक्त 'ग्राहकाच्या जबाबदारीवर' असे लिहायचे होते. ते ऊब देते. ताऱ्यांचे पंखा फिरवते. भाव एकच.

गिऱ्हाईक येते. पुतणी दोन्हींत हात घालायला लावते. गिऱ्हाईक मान डोलावते, "हे गरम आहे खरं" म्हणते आणि पाच ताऱ्यांचे उचलून नेते. महिन्याने परत येते, तेव्हा तक्रार अंड्यांची असते. अंडीच खराब निघाली म्हणते. चांगली अंडी कुठे मिळतात, ते विचारते.

तुम्ही इथवर हसलात, बरे वाटले. तुमच्या घरातल्या कोणत्याही वस्तूवरचे तारे तुम्हाला न बघता सांगता येतील. ती आपले काम करते की नाही, हे शेवटचे कधी पाहिलेत?